आजीचा ठिपका

वालूरच्या वेशीबाहेर चिंचेखाली भुजंगाचा गोठा होता. गोठा म्हणायचा, पण पंचक्रोशीतल्या गायींचं ते हक्काचं सासर. गाय माजावर आली की मालक तिला दावणीतून सोडून थेट भुजंगाच्या दारात आणायचा, वळूला दाखवायचा आणि जाताना सरकी नाहीतर कडब्याच्या चार पेंढ्या टाकून जायचा. वळू गावाचा, राखण भुजंगाची, असा सगळा मामला. त्याच्या बापानं माळेगावच्या जत्रेतून एक गाय आणली होती, तिच्यापासून ही ओळ चाललेली. आताचा वळू इंगळ्या. लालभडक, अंगावर पांढरा केस औषधाला सापडायचा नाही. भुजंगही तसाच, रुंद मानेचा, तांबड्या डोळ्यांचा. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, वळूत आणि मालकात फरक ओळखायचा तर वेसण कुणाला आहे ते बघा.

पण या माणसाकडं एक विद्या होती. नवं वासरू समोर आणलं की तो आई बघायचा नाही, बाप बघायचा नाही. कपाळावर हात फिरवायचा, खूर उचलून बघायचा आणि सांगायचा, "हिची आजी पुढच्या पायाला पांढरी होती बगा." मालक डोकं खाजवायचा. मग घरातली म्हातारी आठवून सांगायची, होती खरी. भुजंगाला त्याचं काही नवल नसायचं.

"आईबापाच्या अंगावर दिसंना म्हणून काय नसतंय का? आत असतंय. एक पिढी दडून बसतंय, दुसरीला बाहेर येतंय."

एकदा शेजारच्या कडूबाईनं आपला नवा नातू त्याच्यापुढं धरला. ही कडूबाई म्हणजे नाव कमी पडावं अशी जीभ. म्हणाली, "भुजंगराव, गाईवासरांचं लय सांगता. सांगा बरं, नाक कुणाचं हाय?"

भुजंगानं पोराचं नाक निरखलं. "आजीचं हाय कडूबाई. म्हंजे तुमचंच. गरीब हाय बिचारं, आत्तापासून माफ करा त्याला."

गल्ली आठवडाभर हसत होती. हे सगळं दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतलं. निजामाचं राज्य, सरकारला सक्तीनं घालायची धान्याची लेव्ही, चहाला साखर नाही. हसायला एवढंच होतं.

भुजंगाच्या घरात बायको मनकर्णा आणि एकुलता एक पोरगा आसाराम. मनकर्णा पालमची. बोलायची कमी, हसायची पदराआड. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती त्याला "आसारामचे बाप" म्हणायची. हाक मारायची तरी तेच, भांडायचं तरी तेच. "आवो आसारामचे बाप, भाकरी थंड व्हायली." आसाराम सतरा-अठराचा, मामाच्या वळणावर गेलेला, उंच, उजळ, हाताला चपळ. दर पोळ्याला इंगळ्याला सजवून मारुतीला नेताना कासरा त्याच्या हातात असायचा. पुढं वळूची राखण त्याच्याकडंच जाणार हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, कारण त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

एका उन्हाळ्याच्या तोंडी दारात माजावरची गाय उभी होती, इंगळ्या उधळलेला होता आणि आसाराम त्याची साखळी खुंट्याला अडकवायला वाकला. इंगळ्यानं नुसती मान फिरवली. शिंग मांडीत घुसलं आणि वर फाडत गेलं. पोरगं ओरडलंसुद्धा नाही. मनकर्णेनं घरातलं होतं नव्हतं ते लुगडं मांडीला आवळून बांधलं. जखमेत हळद भरली, चुना भरला, सेलूच्या डॉक्टरनं पट्टी केली. पण मांडी सुजत गेली, पोरगं पिवळं पडत गेलं, आणि डॉक्टर म्हणाला, "हैदराबादला न्या. उशीर करू नका."

भुजंगाला हैदराबाद म्हणजे दुसरी विलायत. म्हणून सोबत आप्पाराव निघाला. आप्पाराव गावातला शहाणा. चौथीपर्यंत उर्दू शिकलेला, आणि मागं एकदा साक्षीला म्हणून शहर बघून आलेला. या दोन गोष्टींवर त्यानं सारा जन्म काढला. सेलूहून गाडी धरली. पोरगं दोन बाकांमधल्या जागेत घोंगडीवर, मनकर्णा त्याचं डोकं मांडीवर घेऊन, आणि आप्पाराव खिडकीशी बसून प्रत्येक ठेसनाची पाटी मोठ्यानं वाचतोय.

शहरच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीण होती. तेलंगी बाई, आवाजानं करडी, हातानं मऊ. तिनं जखम उघडली आणि म्हणाली, आत सडलंय, कापून काढावं लागेल, पण पोराच्या अंगात रगत उरलेलं नाही. आधी रगत द्यावं लागेल.

भुजंगानं सदऱ्याच्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारल्या. "घ्या. सगळं घ्या. दोन्ही हाताचं घ्या."

तिथली माणसं हसली, पण चांगल्या मनानं. त्याच्या बोटाला सुई टोचली, मनकर्णेच्या टोचली, पोराच्या टोचली. थेंब काचेवर घेतले, त्यांत कशाकशाचं पाणी मिसळलं. भुजंग बाह्या वर करून तसाच उभा. थोड्या वेळानं डॉक्टरीण बाहेर आली आणि मान हलवली.

"तुमारा खून इसको चलता नै. माँ का भी चलता नै."

"चालत न्हाई म्हंजे?" भुजंगाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बाप हाव मी त्याचा."

डॉक्टरणीला घाई होती. त्या दवाखान्यात तेव्हा रक्ताच्या जाती आकड्यांनी सांगत. पुढं लोक त्यांनाच ए, बी, ओ म्हणायला लागले. ती म्हणाली, बापाचं दोन नंबरचं, आईचं तीन नंबरचं, पोराचं चार नंबरचं. चार नंबरवाल्याला चार नंबरचंच चालतं. "तुमारा डालेंगे तो मर जाएगा लडका."

एवढं बोलून ती आत गेली. बापाचं रगत पोराला विष आहे, हे असं दारातल्या दारात सांगून. शेवटी वऱ्हांड्यात भावाला भेटायला आलेला एक रजेवरचा फौजी पुढं झाला. त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर त्याच्या रगताची जात कोरलेली होती, ती नेमकी जुळली. त्याचं रगत आसारामच्या अंगात गेलं. फौजी मनकर्णेला म्हणाला, "अम्मा, फिकर नक्को करो," आणि बाहेर जाऊन बिडी ओढायला लागला. मनकर्णेनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. भुजंगानं तेवढं बघितलं आणि बाह्या खाली ओढल्या.

पोरगं वाचलं. आनंद करायचा दिवस होता. वऱ्हांड्यात आप्पारावनं पान लावलं, भुजंगाला अर्धं दिलं, आणि बोटांवर मोजत बसला.

"भुजंगा, गंमत बग बरं. बाप दोनाचा. माय तिनाची. पोरगं चाराचं."

"मग?"

"मग काय? हे चौथं आलं कुठून?"

आप्पारावच्या मनात पाप होतं असं म्हणवत नाही. त्याला फक्त गंमत दिसली, आणि गंमत दिसली की ती बोलून टाकायची त्याला सवय होती. भुजंगानं पान तोंडात धरलं ते तसंच. चघळलं नाही, थुंकलं नाही. त्याच्या डोक्यात बी आणि पेर होतं. ज्वारी पेरली तर ज्वारी, करडई पेरली तर करडई. बापाचं रगत लेकात उतरतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. गाईगुरांचे रंग डोळ्यांना दिसतात, तिथं त्याची विद्या चालायची. रगत आत असतं. ते बघायला शहराची काच लागते, आणि काचेनं सांगितलं होतं की याच्यात तुझा थेंब नाही.

गावात यायच्या आधीच आकडे गावात आले होते. आप्पारावनं चावडीवर सांगितलं, तेही शपथ घालून की कुणाला सांगू नका. तिथून ते पाणवठ्यावर गेले. बाया घागर बुडवताना बोटं मोजायला लागल्या. दोन, तीन, चार. मग चार नंबर कोण, याचा शोध लागला. कुणी म्हणालं, मनकर्णा पहिल्या बाळंतपणाआधी पालमला लय दिवस राहिली होती. कुणाला एक फिरस्ता कासार आठवला. कुणाला काहीच आठवलं नाही, त्यांनीही "काय की बाई" म्हणून मान उडवली. कडूबाईनं तर आसाराम काठी टेकत गल्लीतून गेला की हळूच म्हणावं, "चाललं बाई चार नंबर." ते नाव चिकटलं ते चिकटलंच. गावात चेष्टा कुणाची करावी याला काही धरबंद नव्हता, आणि गावाला वाईट वाटायला अजून अवकाश होता.

घरात मनकर्णा सगळं ऐकत होती. आपण काही बोललो तर लोक त्या कुजबुजीलाच खरं मानतील, म्हणून गप्प होती. एक दिवस भुजंग जेवायला बसला असता तीच बोलली.

"आसारामचे बाप, मनात काय हाय ते बोला."

"तसं म्हणू नगंस."

"कसं?"

"आसारामचे बाप म्हणू नगंस."

तिच्या हातात परातीतला भाकरीचा गोळा होता. तो तिनं थापला नाही. "तुमचंच लेकरू हाय ते," ती म्हणाली. "बेलभंडार आणा. खंडोबापुढं उचलते."

"देव दयाळू असतोय. काही बी म्हणू देतोय." भुजंग ताटावरून उठला. "काच तशी न्हाई."

तिनं पुन्हा कधी शपथेचं नाव काढलं नाही. एकदा सांगून झालं होतं. पण "आसारामचे बाप" म्हणायचं तिनं सोडलं नाही. दर वेळी ती तसं म्हणाली की भुजंगाला वाटायचं, कुणीतरी आपल्याला मुद्दाम डिवचतंय. तिला दुसरी हाक येतच नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

पोळा आला. आसारामनं इंगळ्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर झूल टाकली. ज्या शिंगानं मांडी फाडली तेही त्यानं तितक्याच मायेनं रंगवलं. सगळं गाव वेशीत जमलेलं, वाजंत्री वाजायलेली. आसारामनं लंगडत पुढं होऊन कासरा हातात घेतला. भुजंगानं तो सगळ्यांदेखत त्याच्या मुठीतून सोडवून घेतला.

"दादा?" पोरगं बापाकडं बघत म्हणालं.

"हात लावू नगंस. हा माझ्या बापाच्या गाईचा वंश हाय."

वाजंत्री वाजतच राहिली. कुणीतरी मागं खुदकन हसलं. आसारामनं हात तसाच थोडा वेळ पुढं धरला, मग धोतराला पुसला. हाताला हिंगूळ लागला होता.

दुसऱ्या दिवशी मायलेक गाठोडं घेऊन पालमला निघाले. मनकर्णेचा भाऊ चंद्रभान तिथं होता, कोरडवाहू चार तुकडे करून खाणारा. भुजंगानं जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. पोराला फाडणारा वळू दावणीला राहिला आणि पोरगं गेलं. गल्लीनं हेही म्हणून घेतलं.

दोन वर्षं गेली. लढाई संपली, लेव्ही संपली नाही. एका बाजाराच्या दिवशी पालमचा एक बैलवाला निरोप घेऊन आला. आसारामची मांडी परत उघडलीय. पू जायलाय, ताप उतरंना. चंद्रभाननं विचारलंय, हैदराबादला न्यावं का, तुमी सोबत येता का? तिथला रस्ता तुमाला ठाऊक हाय.

भुजंग इंगळ्याला खरारा करत होता. हात न थांबवता म्हणाला, "मी कशाला? माझं रगत चालत न्हाई तिथं. चार नंबरवाल्याला बोलवा म्हणावं."

बैलवाला बिचारा परका माणूस. त्याला यातलं काय कळणार? त्यानं निरोप ऐकला तसा नेऊन पोचवला.

नंतर चंद्रभान स्वतः आला. आला तो दारात उभा राहिला, आत आला नाही. कडूबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. मयताचा निरोप घेऊन आलेला माणूस पाणी घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तांब्या कडूबाईच्या हातातच राहिला.

"आसाराम गेला," चंद्रभान म्हणाला. "अग्नी मी दिलाय. तुमी सुतक धरा."

गोठ्यात त्या वेळी माणिकरावची लाल गाय उभी होती. माणिकराव गावातला मोठा शेतकरी, त्याची गाय ताटकळत ठेवायची पद्धत नव्हती. भुजंग चंद्रभानकडं न बघता म्हणाला, "मला कशाचं सुतक? माझं कोण गेलंय?"

आणि त्यानं इंगळ्याची साखळी सोडली. चंद्रभान वेशीपर्यंत जाईस्तोवर गाय फळलेली होती.

त्या दिवशी मात्र गल्लीत कुणी हसलं नाही. कडूबाईनं तो तांब्या तुळशीत ओतला आणि दार लावून घेतलं.

ती गाय पुढं दिवस भरून व्याली. आणि एका सकाळी माणिकराव तणतणत भुजंगाच्या दारात आला, मागं त्याचा म्हातारा गुराखी मुंजाजी आणि त्याच्या खांद्यावर वासरू. मागून निम्मी गल्ली, कारण माणिकराव ओरडत येतोय आणि आपण घरात बसायचं, असं आमच्याकडं होत नाही.

मुंजाजीनं वासरू खाली ठेवलं. कालवड होती. लाल अंग, पण पोटाला, कुशीला आणि कपाळाला पांढरे ठिपके. परातभर लाल पिठात कुणी तांदूळ सांडावा तसे.

"हे काय हाय?" माणिकराव म्हणाला. "माझी गाय लाल. तुझा वळू लाल. हे ठिपक्याचं कुणाचं?"

"इंगळ्याचं."

"मला शिकवू नगंस. कुणाचा तरी ठिपक्याचा देवणी सांड रातच्याला आत घुसला आणि तू झोपला होतास. न्हाईतर गाईलाच घरी कुणी भेटलं असंल आधी." लोक हसले. माणिकरावला चेव आला. "गाईच छिनाल निघाली म्हणायची!"

भुजंग उठला. बापाच्या वेळेपासून या गोठ्यावर असा आळ कुणी घेतला नव्हता. त्याची मान वळूसारखी फुगली.

"तोंड सांभाळा मालक. गाईला नावं ठेवू नका. मुकं जनावर हाय ते. तिला सांगता येत न्हाई म्हणून काय बी बोलाल?"

"मग ठिपका आला कुठून?"

"आजीचा हाय." भुजंगानं वासरू उचलून उजेडात धरलं. "माझ्या बापानं आणलेली गाय ठिपक्याची होती. ती इंगळ्याची आजी. इंगळ्याच्या अंगावर दिसत न्हाई, पण आत हाय. आता तुमच्या गाईची आजी आठवा. तुमच्याकडं जुनी कपिली होती का न्हाई?"

"होती की मालक," मुंजाजी हळूच म्हणाला. "कुशीला ठिपके होते तिच्या. मीच धूत होतो."

"बगा!" भुजंगाचा आवाज चढला. "दोघांच्या बी आत ठिपका होता. दोघं बी वरून लाल. यानं आपला लपलेला दिला, तिनं आपला लपलेला दिला, दोन्हीकडून आला म्हणून वर दिसला. एका बाजूनं आला असता तर परत दडून बसला असता. यात गाईचं काय चुकलं? आईबापासारखं दिसंना म्हणून आईवर आळ घेता? एवढं कळत न्हाई तुमाला? एवढं बी..."

मागून कडूबाई बोलली. तिची जीभ तिच्याही ताब्यात नव्हती कधी.

"गाईला वकील चांगला भेटला बाई. बाईला न्हाई भेटला."

लोक हसायच्या बेतात होते. मग त्यांनी भुजंगाकडं बघितलं आणि हसू तिथंच राहिलं. त्यानं वासरू जमिनीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे ते हातातून सुटत सुटत खाली गेलं. तो त्या ठिपक्यांकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. दोन. तीन. चार. आप्पारावही गर्दीत होता. तो पान थुंकायचं निमित्त करून बाजूला गेला.

दुसऱ्या दिवशी भुजंग एकटाच हैदराबादच्या गाडीत बसला. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. दवाखान्यात तो दोन दिवस वऱ्हांड्यात बसून राहिला, तेव्हा कुठं ती तेलंगी डॉक्टरीण भेटली. त्यानं मोडक्या दखनीत विचारलं, "बाई, दो नंबर का बाप, तीन नंबर की माँ. चार नंबर का बच्चा होता क्या?"

"होता ना. कायकू नै होता?"

त्यानं तेच परत विचारलं. डॉक्टरणीनं पाणी आणवलं आणि मग सावकाश समजावून सांगितलं. या खेपेला तिला घाई नव्हती. प्रत्येक माणसाच्या अंगात रगताचे दोन वाटे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. काचेवर दिसतो तो बोलका वाटा. चार नंबरचा वाटा गप्प असतो. शेजारी दोनाचा किंवा तिनाचा असला की तो दिसतच नाही. लेकराला आई आपल्या दोनांतला एक देते, बाप आपल्या दोनांतला एक देतो. दोघांकडून तो गप्प वाटाच गेला, तर लेकरू चार नंबरचं. आकडे बेरजेचे नाहीत. नुसती नावं आहेत.

"ठिपका," भुजंग म्हणाला.

तिला ते कळलं नाही. तो पुढं म्हणाला, "म्हंजे तो माझाच होता."

"वो खून देख के मैं नै बोल सकती," ती म्हणाली. "पन तुमारा नै, ऐसा भी कोई नै बोल सकता."

"मग हे नक्की कुणाला ठाऊक असतंय?"

डॉक्टरणीनं त्याच्याकडं चमकून बघितलं. "उसकी माँ को. और किसको?" मग तिला आठवण झाली. "कैसा है लडका? टांग ठीक है?"

भुजंगानं मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला पहिल्यांदा कळलं नाही. कळल्यावर ती हळू म्हणाली, "उसी दिन पूछ लेते. मैं यहींच थी."

तो परभणीला उतरला तो वालूरला आलाच नाही. गंगाखेडपर्यंत दुसरी गाडी, तिथून पायी पालम. चंद्रभानच्या अंगणात मनकर्णा जात्याला टाकी लावून घेत होती, टाकीवाला छिन्नीनं दगडाला खाचा पाडत होता. केस पिकलेले. तिनं वर बघितलं, आणि भावजयीला हाक मारून म्हणाली, "पाव्हण्याला पाणी द्या गं."

भुजंग उभाच राहिला. पाणी त्यानं घेतलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. वासराचं, आजीचं, दोन वाट्यांचं, गप्प वाट्याचं. सांगताना त्याला वाटत होतं की आपण काहीतरी सोडवून आणलंय, तिच्या पुढ्यात ठेवतोय. ती ऐकत होती. टाकीवाला हात थांबवून बसला होता, तिनं त्याला खुणेनं चालू ठेव म्हणून सांगितलं.

"डाक्टरीण म्हणाली, तो माझा असू शकतोय. गाय बी तेच सांगायली," भुजंग म्हणाला. "चूक झाली माझी. चल घरी."

"डाक्टरणीनं सांगितलं," मनकर्णा म्हणाली. "गाईनं सांगितलं. आणि मी सांगितलं होतं ते?"

भुजंगानं टाकीवाल्याकडं बघितलं.

"ताप चढला की पोरगं विचारायचं, निरोप गेला का? मी म्हणायचे, गेलाय, येतील. बैलवाल्यानं काय निरोप आणला ते मी त्याला सांगितलं न्हाई. शेवटपर्यंत वाट बघायला लावली त्याला." तिनं पदरानं जात्यावरची भुकटी पुसली. "तेवढं खोटं बोलले मी जन्मात. तुमी घरी जावा."

तिनं "आसारामचे बाप" म्हटलं नाही. त्याला ते ऐकायचं होतं. अंगण ओलांडून रस्त्याला लागेपर्यंत तो ते ऐकायला कान देऊन होता. जात्यावर टाकीचा आवाज चालू राहिला.

भुजंग वालूरला आला. अंघोळ केली, ओल्यानंच घरात गेला. देव्हाऱ्यावर फडकं टाकलं. चुलीतली राख काढली, चूल परत पेटवली नाही. ओसरीवर घोंगडी अंथरली आणि तिच्यावर, उघड्या अंगानं, भिंतीला टेकून बसला. कडूबाईनं डोकावून बघितलं. विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते ओठांवरच राहिलं. ती घरात गेली आणि पदराखाली झाकून भाकरी आणि पातळ पिठलं आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं. ज्या घरात चूल पेटत नाही तिथं शेजाऱ्यानं असं ठेवायचं असतं.

सकाळी माणिकरावचा मुंजाजी दुसरी गाय घेऊन आला. मागं खुद्द माणिकराव. भांडणाचं काही मनात ठेवलेलं नव्हतं त्यानं. ठिपक्याची कालवड दिसायला झकास निघाली होती.

"ऊठ भुजंगा. इंगळ्याला सोड."

"आज जमायचं न्हाई मालक," भुजंग म्हणाला. "सुतक हाय मला. दहा दिवस."

"अरे, कुणाचं?"

"माझा पोरगा गेला. आसाराम."

माणिकराव गडबडला. मुंजाजीकडं बघितलं, कडूबाईच्या दाराकडं बघितलं. "वरीस होत आलं की रे त्याला."

"होय," भुजंग म्हणाला. "मला आत्ता कळलं."

गोठ्यात इंगळ्याला गाईचा वास आला होता. तो साखळीला हिसके देत होता, खुंटा हलत होता. भुजंग जागचा हलला नाही. मुंजाजीनं गाईचा कासरा आखडला आणि तिला मागं वळवलं.